एक औषध, दोन पेशी: क्लोरोक्विनच्या निमित्ताने एका उजेडाची उलटतपासणी

४ फेब्रुवारी २०२० रोजी ‘सेल रिसर्च’ या नियतकालिकात वूहानच्या संशोधकांचं एक छोटेखानी पत्र छापून आलं. आधीपासून हाताशी असलेली मोजकी औषधं त्यांनी नव्या करोना विषाणूवर प्रयोगशाळेत लावून पाहिली होती. त्यात दोन नावं वर आली. विषाणूची वाढ निम्म्यावर आणायला रेमडेसिव्हिर ०.७७ मायक्रोमोलर (द्रावणातल्या औषधाच्या तीव्रतेचं एकक) पुरलं, क्लोरोक्विन १.१३ मायक्रोमोलर. आकड्यांत दोघं जवळपास बरोबरीचे. पण एक नवं, शिरेतून द्यायचं. दुसरं मलेरियावर कित्येक दशकं वापरलेलं, स्वस्त, गोळीच्या रूपात सहज मिळणारं. जगाचा ओढा कुणाकडे जाणार हे उघड होतं.

पुढचा घटनाक्रम झरझर सांगतो. २८ मार्चला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, क्लोरोक्विन आणि त्याच्या भावंडाला, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला, आणीबाणीच्या वापराची परवानगी दिली. १५ जूनला ती काढून घेतली. त्याआधी ५ जूनला ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गट बंद केल्याचं जाहीर केलं होतं. औषध मिळालेले रुग्ण १५६१, त्यांच्यापैकी २७ टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. फक्त नेहमीचे उपचार मिळालेले ३१५५, त्यांच्यापैकी २५ टक्के. औषधाने मृत्यू वाढले असंही या आकड्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही, पण फायद्याचा मागमूस नव्हता.

त्या गदारोळातलं राजकारण इथे बाजूला ठेवू. या प्रकरणात मला रस आहे तो एका तांत्रिक कोड्यात. प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये विषाणूला आवर घालणारं औषध रुग्णात निष्प्रभ का ठरलं? आणि या कोड्याचा मोठा भाग उलगडायला काजव्याचं एक जनुक कसं उपयोगी पडलं? हा उलगडा २२ जुलै २०२० रोजी ‘नेचर’मध्ये छापून आला, म्हणजे पहिल्या पत्रानंतर साडेपाच महिन्यांनी. तोवर मोठ्या चाचणीने आपला निकाल देऊनही टाकला होता. हा क्रम उलटा झाला, आणि ती या प्रकरणातली सर्वांत खटकणारी गोष्ट आहे असं मला वाटतं.

उजेड नेमकं काय मोजतो

काजव्याच्या पोटात ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम असतं. त्याला ल्युसिफेरिन हे छोटं संयुग, एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू), मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन एवढी सामग्री मिळाली की ल्युसिफेरिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून पिवळसर हिरवा प्रकाश बाहेर पडतो. एटीपीशिवाय हे होत नाही, हे १९४७ मध्ये विल्यम मॅकेलरॉय यांनी दाखवलं. त्या काळी एन्झाइम हवं तर काजवेच गोळा करावे लागत. बाल्टिमोरमधली मुलं शेकड्याच्या हिशेबाने पैसे घेऊन त्यांना काजवे आणून देत. १९८५ मध्ये ‘फोटिनस पायरॅलिस’ या अमेरिकी काजव्याचं ल्युसिफरेज जनुक क्लोन झालं आणि तो खटाटोप संपला. पुढच्याच वर्षी हे जनुक घातलेलं तंबाखूचं रोप स्वतःच्या उजेडात फोटो काढण्याइतकं उजळलं.

त्या रोपाचं कौतुक झालं ते झालंच, पण विषाणूंवर काम करणाऱ्यांना हवी होती मोजणीची सोय. विषाणू मोजण्याची जुनी, भरवशाची पद्धत म्हणजे प्लाक मोजणं: पेशींच्या थरावर विषाणू टाकायचा, काही दिवस थांबायचं, मेलेल्या पेशींच्या जागी पडलेले पांढरे ठिपके डोळ्यांनी मोजायचे. दहा नमुन्यांसाठी हे ठीक. दहा हजार संयुगं चाळायची असतील तर कुणाचेही डोळे पुरणार नाहीत. ल्युसिफरेजचं जनुक विषाणूच्या जनुकसंचात बसवलं, तर विषाणू पेशीत शिरून कामाला लागला की पेशी ल्युसिफरेज बनवू लागते. मग सामग्री ओतायची आणि ल्युमिनोमीटर या उजेड मोजणाऱ्या यंत्रात प्लेट सरकवायची. प्लेटमधल्या ९६ ‘वेल’चे, म्हणजे छोट्या खळग्यांचे, आकडे काही मिनिटांत हाती. सस्तन प्राण्यांच्या पेशींचा स्वतःचा उजेड जवळपास नसतोच, त्यामुळे पाटी कोरी असते. प्रतिदीप्ती वापरली तर बाहेरून प्रकाश टाकावा लागतो आणि पेशीतली इतर संयुगंही थोडीफार चमकून गोंधळ घालतात. इथे ती अडचण नाही. शेकड्यात असलेला आकडा कोटीपर्यंत गेला तरी यंत्र तो सरळ रेषेत वाचतं.

मात्र हा उजेड विजेच्या मीटरसारखा असतो: किती युनिट जळली ते सांगतो, कोणत्या खोलीत दिवा चालू राहिला ते सांगत नाही. पेशीत ल्युसिफरेज तयार झालं, एवढी एकच बातमी तो देतो. ते तयार होण्यासाठी विषाणूला पेशीला चिकटावं लागलं, आत शिरावं लागलं, आवरण टाकावं लागलं, जनुकांच्या प्रती काढाव्या लागल्या, प्रथिनं बनवावी लागली. यातली कुठलीही कडी निखळली तरी वेल सारखीच अंधारते. म्हणून प्रयोग रचतानाच ठरवावं लागतं की उजेड कोणत्या कड्यांच्या पलीकडे बांधायचा.

हिपॅटायटिस सीच्या बाबतीत १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘रेप्लिकॉन’ बनवला. त्यात विषाणूची बाहेरची प्रथिनं काढून टाकलेली असतात आणि आत फक्त स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए उरतो. पुढे त्याला ल्युसिफरेज जोडलं गेलं आणि उजेड फक्त प्रती काढण्याचं मोजू लागला. शिरणं, बाहेर पडणं दोन्ही बाद. डॅक्लाटास्विर हे औषध अशाच रेप्लिकॉनवर लाखो संयुगं चाळताना हाती लागलेल्या धाग्यातून निघालं, आणि ते ज्या प्रथिनाला धरतं त्या एनएस५ए ला स्वतःची एन्झाइमक्रियाच नाही. शुद्ध प्रथिन नळीत घेऊन ते कधीच सापडलं नसतं. क्लोरोक्विनच्या प्रकरणात मात्र कळीची कडी पहिलीच होती, पेशीत शिरण्याची.

आवरण एकाचं, आतला माल दुसऱ्याचा

जर्मनीत ग्यॉटिंगनच्या प्रायमेट केंद्रात मार्कुस हॉफमान आणि श्टेफान प्यॉलमान यांच्या गटाकडे या कडीसाठी तयार अवजार होतं: स्यूडोव्हायरस. त्याची घडण जरा जवळून पाहण्यासारखी आहे.

गुराढोरांना तोंडात फोड आणणारा व्हीएसव्ही नावाचा विषाणू घ्यायचा. पेशीत शिरण्यासाठी त्याला स्वतःचं एक आवरण-प्रथिन लागतं, जी. त्याच्या जनुकसंचातून जी चं जनुक काढून टाकायचं आणि त्या जागी काजव्याचं ल्युसिफरेज बसवायचं. आता या विषाणूला पेशीत शिरायचं तर आवरण उसनं घ्यावं लागतं. मग पेशींच्या एका बॅचला करोनाच्या स्पाइक प्रथिनाचं जनुक द्यायचं. त्या पेशींचं पटल स्पाइकने भरून गेलं की त्यांत हा लंगडा व्हीएसव्ही सोडायचा. आत त्याच्या प्रती निघतात आणि बाहेर पडताना ते कण पेशीच्या पटलात गुंडाळले जातात. परिणामी बाहेरून करोना, आतून व्हीएसव्ही आणि पोटात काजव्याचं जनुक, असा कण हाती येतो.

इथे एक बारीक फट आहे. लंगडा व्हीएसव्ही पहिल्यांदा आत घालायचा तर त्यालाही उसनं जी आवरण द्यावं लागतं. त्यातले आत न शिरलेले काही कण द्रावणात तसेच उरतात. ते पुढच्या प्रयोगात गेले तर जी च्या जोरावर कुठल्याही पेशीत शिरतील, उजेड पाडतील, आणि श्रेय जाईल स्पाइकला. म्हणून जी ला निकामी करणारं प्रतिपिंड द्रावणात टाकतात. हे टाकलं का आणि पुरेसं टाकलं का, हे तपासायची रीत सोपी आहे: स्पाइकच न दिलेल्या पेशींतून तसंच द्रावण काढायचं आणि तेही प्लेटवर लावायचं. त्या वेल चमकल्या तर सगळ्या प्लेटवर पाणी. कुठल्याही स्यूडोव्हायरसच्या निबंधात मी सर्वांत आधी हाच ‘आवरणाविना’ रकाना शोधतो.

हा कण एकदाच शिरतो. पेशीत गेल्यावर उजेड पाडतो, पण पुढे पसरणारी संतती त्याला होत नाही, कारण आवरणाचं जनुकच त्याच्याकडे नाही. त्यामुळे खऱ्या करोनासाठी लागणारी जैवसुरक्षा स्तर ३ ची प्रयोगशाळा इथे लागत नाही. स्तर २ चालते. २०२० च्या सुरुवातीला ही फार मोठी सोय होती. शिवाय एकाच फेरीत खेळ संपत असल्यामुळे आकड्यांचा अर्थ स्वच्छ राहतो: सोळा-अठरा तासांनी पेशी फोडायच्या, ल्युसिफेरिन आणि एटीपी असलेलं द्रावण घालायचं, आणि जो उजेड येईल तो आत शिरलेल्या कणांच्या प्रमाणात.

आत शिरण्याच्या दोन वाटा

५ मार्च २०२० रोजी ‘सेल’च्या संकेतस्थळावर आलेल्या निबंधात याच गटाने याच कणांनी दाखवलं होतं की करोनाचा स्पाइक पेशीच्या पृष्ठभागावरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो, पण नुसतं चिकटून भागत नाही. स्पाइक ठरावीक जागी कापला गेला तरच विषाणूचं आवरण पेशीच्या पटलात विरघळतं. हे कापणारी कात्री पेशीची असते, आणि पेशीगणिक ती वेगळी असू शकते.

पहिली कात्री टीएमपीआरएसएस-२. ती पेशीच्या पृष्ठभागावर बसलेली असते. ती असेल तर विषाणू दाराशीच कापला जातो आणि तिथूनच आत शिरतो. दुसरी कॅथेप्सिन एल. ती पेशीच्या आत, एंडोसोम नावाच्या पिशव्यांमध्ये असते. पृष्ठभागावर कात्री नसेल तर पेशी विषाणूला पिशवीत गुंडाळून आत ओढते, पिशवी हळूहळू आम्लधर्मी होत जाते, आणि त्या आम्लतेत कॅथेप्सिन एल काम करू लागते.

क्लोरोक्विन नेमकं इथे येतं. ते दुर्बल आम्लारी आहे. पटलातून सहज आत जातं, आम्लधर्मी पिशवीत पोचलं की त्याला प्रोटॉन चिकटतात आणि मग ते बाहेर पडू शकत नाही. पिशवीत त्याचा साठा होतो, सामू चढतो, कॅथेप्सिन एल थंडावते. ज्या पेशीत विषाणूला हीच एक वाट आहे तिथे क्लोरोक्विन विषाणूला अडकवणार, हे रसायनशास्त्रावरूनच सांगता येतं.

आणि फेब्रुवारीचं ते पत्र कोणत्या पेशींवर बेतलेलं होतं? व्हेरो ई६. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात काढलेल्या व्हेरो या सेल लाइनची (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशींची) ही एक शाखा. विषाणूशास्त्रात ती सर्वत्र वापरतात आणि त्याला कारणही आहे: तिच्यात टाइप १ इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूविरुद्ध पेशीला सावध करणाऱ्या प्रथिनांची, जनुकंच नाहीत, त्यामुळे ती विषाणूला फारसा विरोध करत नाही आणि नाना तऱ्हेचे विषाणू तिच्यात जोमाने वाढतात. पण तिच्यात टीएमपीआरएसएस-२ नगण्य आहे. करोनाला तिच्यात शिरायला पिशवीचीच वाट धरावी लागते. २००५ मध्ये पहिल्या सार्सवर क्लोरोक्विन प्रयोगशाळेत चाललं, तेही व्हेरो ई६ मध्येच. म्हणजे २०२० मध्ये क्लोरोक्विनची आठवण होणं नैसर्गिक होतं आणि ते पुन्हा चाललेलं दिसणंही तितकंच नैसर्गिक. पेशी तीच, वाटही तीच.

तीन रकान्यांची प्लेट

ग्यॉटिंगनचा प्रयोग ऐकायला साधा आहे. पहिला रकाना व्हेरो पेशींचा. दुसऱ्यात त्याच व्हेरो, पण बाहेरून टीएमपीआरएसएस-२ चं जनुक दिलेल्या. तिसऱ्यात कॅलू-३, मानवी फुप्फुसाच्या कर्करोगापासून मिळालेली सेल लाइन, जिच्यात ही कात्री मुळातच आहे. तिन्हींवर चढत्या मात्रेत क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, वरून स्पाइकचे कण.

व्हेरोत औषध वाढत गेलं तसा उजेड विझत गेला. कात्री दिलेल्या व्हेरोत औषधाची धार बोथट झाली. कॅलू-३ मध्ये औषधाला उजेड रोखता आला नाही. स्यूडोव्हायरसवर न थांबता खऱ्या विषाणूवरही पडताळणी केली. कॅलू-३ मध्ये क्लोरोक्विनने संसर्ग थांबला नाही. त्याच दिवशी ‘नेचर’मध्येच माकडांवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या अभ्यासाचा निबंधही आला. तिथेही फायदा दिसला नाही.

या तिघांतला मधला रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. व्हेरो आणि कॅलू-३ यांच्यात शंभर गोष्टी वेगळ्या आहेत: माकड आणि माणूस, मूत्रपिंड आणि फुप्फुस, वाढीचा वेग, औषध आत घेण्याची क्षमता. दोनच रकाने असते तर ‘फरक कशामुळे’ हा वाद अजून चालला असता. मधल्या रकान्यात बदल एकाच जनुकाचा, आणि निकाल त्याच्यासोबत फिरला. बोट थेट कात्रीवर ठेवता आलं.

उजेडच खोटं बोलत असेल तर?

उलटतपासणी म्हटल्यावर साक्षीदाराचीही तपासणी हवी. औषध टाकल्यावर वेल अंधारली, तर विषाणू थांबला हे त्याचं एकच स्पष्टीकरण नसतं. पेशीच मेल्या असतील. किंवा औषध विषाणूला हातही न लावता ल्युसिफरेजलाच जाम करत असेल.

दुसरी शक्यता कागदी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डग्लस ऑल्ड आणि सहकाऱ्यांनी ७० हजारांहून अधिक संयुगांचा संग्रह नुसत्या काजव्याच्या ल्युसिफरेजवर लावून पाहिला. सुमारे ३ टक्के संयुगं त्याला रोखणारी निघाली. चाळणीत खरी यशस्वी संयुगं बहुधा एक टक्क्याच्याही आत असतात, हे लक्षात घेतलं तर ३ टक्के म्हणजे पिकापेक्षा तण जास्त. रेझव्हेराट्रॉल, ज्याचं नाव आहाराच्या प्रत्येक चर्चेत येतं, तेही यातलंच.

याहून विचित्र प्रकार म्हणजे रोधकामुळे उजेड वाढणं. पीटीसी१२४ हे संयुग अर्धवट थांबणारं प्रथिन पुरं करून देतं, असं काजव्याच्या ल्युसिफरेजच्या चाचणीतून पुढे आलं होतं. ऑल्ड यांच्या गटाने २००९ आणि २०१० मध्ये दाखवलं की ते ल्युसिफरेजलाच घट्ट धरतं. पेशीत ल्युसिफरेज तीनेक तासांत निम्मं मोडून जातं. रोधक चिकटला की ते मोडत नाही, साठत जातं, आणि मोजताना भरपूर ल्युसिफेरिन ओतलं की चिकटलेला रोधक सुटतो आणि साठलेलं सगळं एकदम पेटतं. त्या औषधाच्या पुढच्या प्रवासावर मत देण्याची ही जागा नाही. पण विषाणूच्या प्रयोगात असं संयुग आलं तर ते ‘विषाणूला मदत करणारं’ म्हणून नोंदलं जाईल, एवढं खरं.

पेशी मेल्या की जगल्या हे पाहण्याच्या चाचणीतही एक गंमत दडलेली आहे. सर्वांत लोकप्रिय चाचणी पेशीतलं एटीपी मोजते, आणि मोजते ती काजव्याच्या ल्युसिफरेजनेच. तिथलं एन्झाइम मुद्दाम दणकट बनवलेलं असतं, तरीही ज्याची चौकशी करायची त्याच्याच घरचा पंच बसवल्यासारखं होतं. मी त्या जागी रंग बदलणारी एखादी वेगळी चाचणी घेईन.

क्लोरोक्विनच्या प्रकरणात या शंकेचं उत्तर प्लेटवरच आहे. तिन्ही रकान्यांत जनुक तेच, ल्युसिफरेज तेच, औषध तेच. औषध ल्युसिफरेजला रोखत असतं तर कॅलू-३ मध्येही उजेड पडला नसता. एरवी नेहमीची पडताळणी म्हणजे तेच ल्युसिफरेज दुसऱ्या विषाणूच्या आवरणात घालायचं आणि औषध तिथेही उजेड घालवतं का ते पाहायचं. पण इथे हाताशी सहज असलेलं व्हीएसव्हीचं जी आवरण घेऊन चालणार नाही, कारण जी स्वतःच आम्लधर्मी पिशवीतून आत येतं. क्लोरोक्विन त्यालाही अडवेल, आणि घाईत पाहणारा म्हणेल, ‘बघा, औषध उजेडच मारतंय.’ तुलनेसाठी आवरण निवडताना त्याची वाट कोणती हे माहीत हवं.

उलट्या दिशेची चूक

व्हेरो पेशींनी क्लोरोक्विनला फुकटचे गुण दिले. त्याच पेशींनी रेमडेसिव्हिरचे गुण कापले, हे फारसं बोललं जात नाही. रेमडेसिव्हिर पेशीत गेल्यावर पेशीच्या एन्झाइमांनी त्याचं सक्रिय ट्रायफॉस्फेट बनवावं लागतं. व्हेरो ई६ हे काम नीट करत नाही. २०२० मध्येच ‘सेल रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या अभ्यासात व्हेरो ई६ मध्ये त्याची निम्म्यावर आणणारी मात्रा १.६५ मायक्रोमोलर होती, कॅलू-३ मध्ये ०.२८, आणि मानवी श्वासमार्गाच्या ताज्या पेशींत ०.०१. म्हणजे एकाच औषधाचं बळ दीडशे पटींहून अधिक बदललं. नंतर आलेल्या नर्माट्रेल्व्हिर या करोनावरच्या औषधाला तर व्हेरो पेशी पी-ग्लायकोप्रोटीनच्या पंपाने बाहेर फेकत राहतात. त्यांच्यावर ते मोजताना पंप बंद करणारं दुसरं संयुग सोबत टाकावं लागलं. फेब्रुवारीच्या पत्रातली ती बरोबरी, ०.७७ आणि १.१३, अशी दोन्ही बाजूंनी वाकलेली होती.

पेशी एवढ्यावर थांबत नाही, ती विषाणूलाही वळण लावते. व्हेरो ई६ मध्ये करोना पुनःपुन्हा वाढवला तर स्पाइकवरची फ्युरिन या एन्झाइमची कापण्याची जागा गळून पडलेले विषाणू वरचढ होतात. पृष्ठभागावरच्या वाटेसाठी ती जागा कामाची. व्हेरोत तिचं काही अडत नाही. बाटलीतला विषाणू रुग्णातला राहिला आहे का, हे अधूनमधून अनुक्रम वाचून पाहावं लागतं.

प्रवेशापुढच्या कड्या मोजायला त्याच वर्षी आणखी चांगलं अवजार आलं. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन इथल्या पेई-योंग शी यांच्या गटाने करोनाचा सुमारे ३० हजार अक्षरांचा जनुकसंच सात तुकड्यांतून जोडला आणि ओआरएफ-७ या त्याच्या एका जनुकाच्या जागी नॅनोल्युसिफरेज बसवलं. हे खोल समुद्रातल्या एका कोळंबीच्या एन्झाइमवरून २०१२ मध्ये घडवलेलं, १७१ अमिनो आम्लांचं. काजव्याचं ५५० चं. आरएनए विषाणू बिनकामाचं ओझं चटकन टाकून देतात, म्हणून लहान जनुकाचा हा फायदा मोठा. त्याला एटीपीही लागत नाही. या विषाणूने रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं पाच तासांत मोजता आली, आणि निकाल प्लाकच्या जुन्या पद्धतीशी जुळले. औषधं चाळण्यासाठी त्यांनी एसीई-२ दिलेल्या मानवी फुप्फुसाच्या ए५४९ पेशी वापरल्या. सोफोसबुव्हिर, टेनोफोव्हिर अलाफेनामाइड यांसारखी इतर विषाणूंवरची औषधं तिथे १० मायक्रोमोलरपर्यंत निष्क्रिय निघाली. अशा ‘नाही’ ची किंमत महासाथीत ‘हो’ इतकीच असते. तेवढे रुग्ण एका फुकट चाचणीतून वाचतात.

२०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने क्लोरोक्विनसारख्या धनभारित, अर्ध्या तेलकट रेणूंच्या आख्ख्या जमातीवरच बोट ठेवलं. हे रेणू पेशीच्या पिशव्यांत साठतात, तिथे फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचे थर साचतात, आणि पेशीच्या या बिघाडामुळे विषाणूची वाढ मंदावलेली दिसते. करोनावर ‘सापडलेल्या’ कितीतरी जुन्या औषधांचा प्लेटमधला गुण याच बिघाडाच्या प्रमाणात होता. इथे उजेड खरोखर कमी होतो, विषाणूही खरोखर कमी होतो, पेशीही जिवंत असतात. तरी ते औषध नसतं.

योग्य पेशीनंतरही

ग्यॉटिंगनच्या गटाच्या बाजूने सगळं जमलं असं मात्र नाही. मार्चच्या निबंधात त्यांनी टीएमपीआरएसएस-२ ला रोखणारं कॅमोस्टॅट सुचवलं होतं. जपानमध्ये ते स्वादुपिंडाच्या दाहावर आधीपासून वापरात होतं. कॅलू-३ मध्ये त्याने उजेड घालवला. म्हणजे पेशी योग्य, वाट योग्य, औषध नेमक्या कात्रीवर. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या २०५ रुग्णांवर प्लासिबोसह चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला, आणि बरं होण्याच्या वेळेत फरक पडला नाही. कॅमोस्टॅट रक्तात झपाट्याने मोडतं. शिवाय रुग्ण दाखल होईपर्यंत विषाणूची पहिली चढाई बहुतांशी होऊन गेलेली असते. यातलं काहीही प्लेटवर दिसणारं नाही, कारण प्लेटवर औषध विषाणूच्या आधी टाकलेलं असतं.

मग विषाणूच बदलला. २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला आणि स्यूडोव्हायरसच्या ल्युसिफरेज चाचण्यांत दिसलं की त्याचा स्पाइक टीएमपीआरएसएस-२ चा पूर्वीइतका चांगला उपयोग करत नाही, पिशवीच्या वाटेकडे अधिक झुकतो. कॅथेप्सिनचा रोधक त्याला अधिक जाचतो, कॅमोस्टॅट कमी. २०२० च्या विषाणूसाठी दिशाभूल करणाऱ्या पेशी आणि त्या प्रकाराची वाट यांच्यातलं अंतर कमी झालं. याचा अर्थ क्लोरोक्विनची फाइल पुन्हा उघडायची असा नाही. पिशवीत सामू चढवायला लागणारी मात्रा आणि गोळी घेऊन फुप्फुसात खरोखर मोकळी मिळणारी मात्रा यांचा हिशेब तेव्हाही जुळत नव्हता. पण कॅलू-३ मधला जुना निकाल जुन्या स्पाइकचा आहे. नवा प्रकार आला की स्पाइकचं जनुक बदलायचं, नवे कण काढायचे, ‘आवरणाविना’ रकान्यासह तीच प्लेट पुन्हा लावायची. व्हीएसव्हीचा सांगाडा आणि काजव्याचं जनुक तयारच असल्यामुळे या कामाला आता फार दिवस लागत नाहीत.